भिशीच्या वहीतली चार वर्षं

स्मृतिभ्रंशाची शंका असलेल्या एका बाईंच्या सुनेने पिशवीतून लाल कापडी बांधणीच्या तीन वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. मी मागितले होते ते रक्ताचे जुने रिपोर्ट. ती म्हणाली, "ते सापडत नाहीयेत, घर हलवताना कुठल्या खोक्यात गेलेत देव जाणे. आईंच्या कपाटात या होत्या. भिशीच्या वह्या आहेत. काही उपयोग होतो का बघा."

त्या वह्यांचा जेवढा उपयोग झाला तेवढा पुढे काढलेल्या एमआरआयचाही झाला नाही, असं माझं आजही मत आहे. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. मी ठाण्यात बारा वर्षं स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांसाठी समाजसेविका म्हणून काम करते. घरी जाऊन माहिती घ्यायची, डॉक्टर काय म्हणाले ते कुटुंबाला उलगडून सांगायचं आणि ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये या विषयावर बोलायचं, असं ते काम. कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाईंना सगळी इमारत 'वैनी' म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते.

नौपाड्यातून चौदाव्या मजल्यावर

वैनी तेव्हा ७३ वर्षांच्या. माहेर मालवणकडचं, शिक्षण सातवीपर्यंत. १९७२ साली लग्न होऊन ठाण्याला आल्या त्या नौपाड्यातल्या दोन खोल्यांत, आणि पन्नासहून अधिक वर्षं तिथेच राहिल्या. यजमान वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, ते २०१४ साली गेले. वैनींना मधुमेह पंधराएक वर्षांचा, रक्तदाब थोडा वाढलेला, आणि रात्री तळपायांची आग होण्याची जुनी तक्रार. दिवस ठरलेला. सकाळी कोपिनेश्वराचं दर्शन, येताना जांभळी नाक्यावरून भाजी, दुपारी समोरच्या काकूंबरोबर दारात बसून लसूण सोलणं. महिन्याच्या पाच तारखेला भिशी.

डिसेंबर २०२३ मध्ये इमारतीच्या पुनर्विकासाचा करार झाला आणि जानेवारीत हे कुटुंब घोडबंदर रोडला, कासारवडवलीत एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर भाड्याने गेलं. पहिल्या सहा-सात आठवड्यांतच घर हादरलं. चहाचं भांडं दोनदा जळालं. रात्री बाथरूम समजून वैनींनी कपड्यांच्या कपाटाचं दार उघडलं. एका दुपारी त्या भाजी आणायला म्हणून निघाल्या आणि तासाभराने वॉचमनला पार्किंगमध्ये सापडल्या. पार्किंगचे तीन मजले, तिन्ही सारखे दिसणारे. वैनी रिकामी पिशवी हातात धरून गाड्यांमधून चालत होत्या. आणि संध्याकाळ झाली की एकच प्रश्न, तोही माहेरच्या बोलीत, "घराक कधी जावचा?"

मुलाचं म्हणणं होतं की नव्या जागेने हे झालं, सवय झाली की थांबेल. सुनेचं म्हणणं वेगळं. आदल्या गणपतीत उकडीला मीठ दोनदा पडलं होतं, आणि वैनींच्या हातून तसं पूर्वी कधी झालं नव्हतं. या एका मुद्द्यावर नवराबायकोत बोलणं बंद होण्यापर्यंत पाळी आली होती.

तेरा गुण

एप्रिलच्या अखेरीस मुलाने त्यांना एका खासगी रुग्णालयात नेलं. तीस गुणांची स्मरणशक्तीची चाचणी झाली. वैनींना तेरा मिळाले. कागदावर 'मध्यम स्वरूपाचा स्मृतिभ्रंश' असं लिहून आलं. ज्येष्ठांच्या कट्ट्यावर माझं भाषण ऐकायला सून आली होती, तिथे तिने मला गाठलं. मुलाची भेट झाली तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "आता किती वर्षं?"

मी प्रश्ननिहाय गुणांचा कागद मागवून घेतला. बहुतेक घरं तो घेत नाहीत, फक्त बेरीज घेऊन येतात. चाचणी हिंदीतून झाली होती, घेणाऱ्याच्या तोंडावर मास्क होता. आज तारीख काय, महिना कुठला, या दोन्ही प्रश्नांना शून्य. सून तिथे बसलेली होती म्हणून कळलं की वैनींनी उत्तर दिलं होतं: "चैत्र चाललाय, पाडवा होऊन गेला." २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता, म्हणजे उत्तर अचूक होतं. आपण कितव्या मजल्यावर आहोत? पन्नास वर्षं तळमजल्यावर काढलेल्या बाईने "खालीच" म्हटलं, होता तिसरा. शंभरातून सात-सात वजा करण्याच्या प्रश्नात पाचपैकी शून्य. प्रश्नच ऐकू आला नाही, असं सुनेला वाटलं होतं.

या प्रकारची चाचणी अमेरिकेत १९७५ साली तयार झाली, शाळा शिकलेल्या माणसांना समोर धरून. आपल्याकडे हरियाणातल्या बल्लभगडमध्ये मोठा अभ्यास झाला, तेव्हा लिहिता-वाचता न येणाऱ्या गावकऱ्यांसाठी संशोधकांना प्रश्न बदलूनच घ्यावे लागले, आणि घरात-गावात माणूस रोज काय करतो यावर वेगळी प्रश्नावली करावी लागली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत चाचण्यांचा संच बांधला. त्या पाचांत मराठी नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं. तरीही मराठीतून चाचणी घेणारे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ ठाण्यात आहेत. त्यांच्याकडे मराठीतून घ्या म्हणून मागावं लागतं, आणि मागायला हवं हेच लोकांना ठाऊक नसतं.

तेरा गुण खोटे होते असं मी म्हणत नाही. त्या तेरात आजार किती, कान किती, भाषा किती आणि औषध किती, हे वेगळं काढल्याशिवाय 'किती वर्षं' याला उत्तर नव्हतं.

कान, गोळी आणि जीवनसत्त्व

हा भाग थोडक्यात सांगते, कारण त्यात नवल काही नाही. दुर्दैवाने तो तपासलाच जात नाही.

कानांत मळ घट्ट बसलेला होता. तो काढल्यावरही दोन्ही कानांना वयोमानाने आलेला बहिरेपणा उरला. रक्तात बी-१२ निघालं १४२, साधारण २०० च्या खाली गेलं की कमतरता धरतात. मासे खाणाऱ्या घरात बी-१२ कमी कसं, असं मुलगा विचारत राहिला. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या मेटफॉर्मिनने बी-१२ शरीरात शोषलं जाणं कमी होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिसरी गोष्ट सगळ्यांत बोचरी. पायांच्या आगीसाठी गेल्या दिवाळीपासून रात्री ॲमिट्रिप्टिलिनची गोळी सुरू होती. ही गोळी मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचं काम अडवते, आणि आठवण धरून ठेवायला तेच रसायन लागतं. उतारवयात तिने गोंधळ वाढू शकतो. शिवाय तळपायांची ती आग बी-१२ च्या कमतरतेनेही होऊ शकते. म्हणजे एका कमतरतेवर दिलेल्या गोळीने दुसरी भर पडली असण्याची शक्यता होती.

डॉक्टरांनी गोळी हळूहळू उतरवली, बी-१२ ची इंजेक्शनं दिली, कानाचं यंत्र बसवलं. कुणीही असली गोळी स्वतःहून एकदम बंद करू नये. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओतावीत, एवढं पुरे. यंत्र वैनींना आवडलं नाही. दोनदा ते तांदळाच्या डब्यात सापडलं. सुनेने मग त्यांना घरात गजबज नसलेल्या वेळी, सकाळचं अर्धा तास भजन ऐकताना तेवढं लावायला शिकवलं आणि तिथून वेळ वाढवत नेली. या चिकाटीला आधार आहे. २०२३ साली अमेरिकेत ९७७ ज्येष्ठांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर यंत्राने बुद्धीची घसरण थांबल्याचं दिसलं नाही, पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्या गटात तीन वर्षांतली घसरण ४८ टक्क्यांनी कमी आढळली. वैनी मधुमेही आणि रक्तदाबाच्या, म्हणजे जास्त धोक्यातल्याच.

वह्या

आता त्या तीन वह्यांकडे येते. भिशी २००१ मध्ये सुरू झालेली. बारा बायका, आधी तीनशे रुपये आणि २०१० पासून पाचशे. दर महिन्याला एक पान. वर तारीख, खाली बाराही नावं, पुढे रक्कम, पैसे दिल्याची सही, शेवटी एकूण सहा हजार आणि चिठ्ठी कुणाची निघाली तिचं नाव अधोरेखित. हे सगळं वैनींच्या हातचं. अक्षर गोल, किंचित उजवीकडे झुकलेलं. वीस वर्षांत दोनशेहून जास्त पानं, तीच रचना, तोच हिशेब.

मी त्या वह्या घरी घेऊन आले आणि रात्री बसून पान पान पाहिलं. वाचताना मला अमेरिकेतल्या ख्रिस्ती जोगिणींचा (नन) तो प्रसिद्ध अभ्यास आठवत होता. १९८६ साली डेव्हिड स्नोडन यांनी तो सुरू केला. ६७८ जोगिणी, सगळ्यांचं राहणं-खाणं जवळजवळ सारखं. मठात दाखल होताना, विशीत, अनेकींनी स्वतःबद्दल एकेक छोटा मजकूर लिहिलेला होता. साठ वर्षांनी संशोधकांनी तो बाहेर काढला, आणि ज्यांचं लेखन विचारांनी दाट होतं त्यांच्यात म्हातारपणी अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंश आणणारा आजार, कमी दिसला. माझ्यासमोरची गोष्ट त्या मानाने फार लहान, एकाच बाईची. पण एकाच हाताने एकच काम वीस वर्षं लिहून ठेवलेला पुरावा कुठल्या रुग्णालयाच्या फाइलीत मिळतो?

२०१९ अखेरपर्यंत एकही खाडाखोड नाही. एप्रिल २०२० पासून पानं कोरी, टाळेबंदीत भिशी बंद होती. नोव्हेंबरात पुन्हा सुरू. जून २०२१ च्या पानावर पहिली चूक: त्या फेरीत एकदा भिशी लागलेल्या बाईचं नाव चिठ्ठ्यांत पुन्हा आलेलं, ते खोडून शेजारी वेगळ्या, टोकदार अक्षरात दुसरं नाव. त्याच वर्षी तारखेच्या जागी दोनदा जुनं साल. २०२२ मध्ये चार महिने बेरीज साडेपाच हजार, नावं मात्र बारा आणि सह्याही बारा. २०२३ च्या मार्चपासून नावं वैनींच्या अक्षरात, आकडे त्या टोकदार अक्षरात. ऑक्टोबरपासून सगळंच टोकदार अक्षरात, वैनींची फक्त सही. आणि ती सहीसुद्धा दरवेळी थोडी वेगळी.

टोकदार अक्षर समोरच्या काकूंचं. त्या आता कळव्याला मुलीकडे राहतात, मी जाऊन भेटले. वही पाहताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीच लिहीत होते हो. साडेपाचची बेरीज आली की ती पदरचे पाचशे घालायची आणि गप्प बसायची, तिला वाटायचं कुणाकडून तरी घ्यायचे राहिले. मग मी शेजारी बसायला लागले. बाकीच्यांनाही ठाऊक होतं. वीस वर्षं तिने आमचा पैसा सांभाळला, तिला चारचौघींत कसं सांगायचं?" वाण्याकडेही गेले. दोन वर्षांपासून वैनी तूरडाळ चार दिवसांनी पुन्हा मागायच्या आणि तो "मावशी, परवाच नेलीत" म्हणून परत पाठवायचा. देवळाच्या वाटेवरच्या फुलवालीने सांगितलं की परतताना त्या चुकीच्या गल्लीत वळल्या तर ती हाक मारायची.

म्हणजे नौपाड्यातली ती गल्लीच वैनींच्या आठवणीची राखण करत होती. घरातल्यांना तीन वर्षं काही दिसलं नाही ते त्यामुळे. चौदाव्या मजल्याने आजार आणला नाही, त्याने फक्त बाजूचे टेकू काढून घेतले. मुलगा आणि सून दोघांचंही म्हणणं अर्धं अर्धं बरोबर होतं, आणि वही दोघांमध्ये ठेवून मी ते दाखवलं तेव्हा त्या घरातलं भांडण पहिल्यांदा थांबलं. मुलगा बराच वेळ २०२२ ची पानं उलटत बसला. ते पाचशे रुपये त्याच्या मनाला फार लागले.

काकूंना मी काय बोलणार? त्यांच्या मायेने निदान तीन वर्षं लांबलं, हे खरं. त्याच मायेने वैनी तीन वर्षं मानाने जगल्या, हेही तितकंच खरं. मला अजून यातलं एक निवडता आलेलं नाही.

एकवीस गुण, आणि तरीही

ऑगस्टमध्ये पुन्हा चाचणी झाली, मराठीतून, कानाला यंत्र लावून, सकाळच्या वेळी. एकवीस गुण. मुलगा आनंदून गेला. पण कागद पाहिला तर पाच मिनिटांपूर्वी सांगितलेल्या तीन शब्दांपैकी एकही आठवला नव्हता, आणि पहिलं अक्षर सुचवूनही आठवला नाही. ऐकू न आल्याने किंवा भाषा न कळल्याने असं होत नाही, कारण ते शब्द त्यांनी सुरुवातीला नीट म्हणून दाखवले होते. एमआरआयमध्ये आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग आक्रसलेला आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या जुन्या इजेच्या खुणा दिसल्या. मेंदूविकारतज्ज्ञांनी वहीची पानंही पाहिली आणि निदान लिहिलं: सुरुवातीच्या टप्प्यातला अल्झायमर, सोबत रक्तवाहिन्यांचा हातभार. डोनेपेझिल सुरू झालं. ते आजार थांबवत नाही, काही काळ दैनंदिन वागणं सावरून धरतं.

मुलाने मोबाइलवर वाचून अमेरिकेतल्या नव्या इंजेक्शनांबद्दल विचारलं. लेकानेमॅब हे औषध तिथे २०२३ मध्ये मंजूर झालं. मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन ते काढतं, हे खरं. अठरा महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, पण अठरा गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणापेक्षा कमी होता. मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि त्यासाठी वारंवार एमआरआय करावे लागतात. डॉक्टरांनी अर्धा तास बसून हे समजावलं, आणि रक्तवाहिन्यांच्या खुणा पाहता वैनींसाठी तो मार्ग सुचवला नाही. साखर, रक्तदाब, कान आणि माणसं यांवर भर द्यायचं ठरलं. स्मृतिभ्रंशावर अभ्यास करणाऱ्या, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. आयुष्यभर त्यांच्याकडे लक्ष दिलं तर सुमारे ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा हिशेब आहे. बहिरेपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि एकटेपण या चौदांतच येतात.

सही कोणाची

एक गाठ वेगळीच होती. जुनी खोली वैनींच्या नावावर. पुनर्विकासाच्या करारावर डिसेंबर २०२३ मध्ये त्यांची सही होती, आणि वहीप्रमाणे तेव्हा बेरीज जमत नव्हती. मुलगा घाबरला. वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. बेरीज न जमणं म्हणजे व्यवहार न कळणं नव्हे. खोली देऊन त्याच जागी नवी मोठी खोली मिळणार, हे त्यांना तेव्हा कळत होतं आणि आजही त्या तसंच सांगतात. दुसरं महत्त्वाचं. मुलाला वाटत होतं की कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, करून ठेवलं की पुढचं निभेल. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, देणाऱ्याचं मन व्यवहार समजण्याजोगं राहिलं नाही की ते अधिकार संपतात. ज्या दिवशी त्याची गरज लागेल त्याच दिवशी तो कागद निकामी. पुढे मग उच्च न्यायालयाकडून पालकत्व घ्यावं लागतं. म्हणून निदानानंतरच्या दोन महिन्यांतच, डॉक्टरांच्या दाखल्यासह, वैनींनी स्वतः मृत्युपत्र केलं, बँकेचं खातं सुनेबरोबर संयुक्त केलं आणि सगळीकडे वारस-नोंद केली. सुनेबरोबर का, असं मुलाने विचारलं. वैनी म्हणाल्या, "ती हिशेब लिहिते."

घरात काय केलं

बाथरूमच्या दारावर जुन्या घरातलं तोरण बांधलं आणि दिवा रात्रभर ठेवला. लिफ्टच्या चौदाच्या बटणावर गणपतीचं छोटं चित्र चिकटवलं, सोसायटीने एक पत्र घेऊन परवानगी दिली. गॅस सुनेच्या वेळेत. पीठ मळणं, शेवया मोकळ्या करणं, लसूण सोलणं ही कामं वैनींची. "घराक कधी जावचा?" याला "हेच आपलं घर" असं उत्तर देणं बंद केलं. त्याऐवजी सून विचारते, "तिथे आता काय चाललं असेल?" आणि वैनी सांगत बसतात.

भिशी फुटली होती, ती काकूंनी पुन्हा जमवली. अकरा जणी, कचराळी तलावाच्या कडेला बाकांवर, पाच तारखेलाच. आता हिशेब काकू लिहितात आणि चिठ्ठी वैनी काढतात. पहिल्या वेळी काकूंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "वैनीला विसरायला होतं, तिला आजार आहे, आणि चिठ्ठी तिच्याच हातची." बारा वर्षांत मी घेतलेल्या कुठल्याही शिबिरापेक्षा ते वाक्य मोठं होतं.

माझं भाषण त्यानंतर बदललं. पूर्वी मी धोक्याच्या दहा लक्षणांचा तक्ता दाखवायचे. गाडी चालवताना रस्ता चुकणं, बँकेचा व्यवहार न जमणं. समोरच्या निम्म्या बायकांनी आयुष्यात दोन्हींपैकी काही केलेलं नसायचं. आता विचारते: तुमच्या घरात पुरणाचं प्रमाण कुणाच्या हाती आहे? हळदीकुंकवाची यादी कोण करतं? गेल्या दोन वर्षांत त्यात कुणाचा हात गुपचूप लागायला लागला का? हात वर होतात, आणि बहुतेक वेळा ते शेजारणींचे असतात. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे शंभरात सातांहून जास्त, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे, आणि पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण अधिक आहे. हा आकडा मी त्यांच्या उत्तरांनंतर सांगते. आधी सांगितला तर तो हवेत राहतो.

वैनींचे गुण या वर्षी एकोणीसवर आले आहेत. भिशीत त्यांनी एकदा स्वतःचीच चिठ्ठी काढली आणि नाव वाचून विचारलं, "ही कोण?" काकूंनी त्यांचा हात धरून सांगितलं. नव्या इमारतीत खोल्यांचं वाटप व्हायचं आहे. मुलाला वरचा मजला हवा होता, हवा आणि भाव दोन्ही चांगले म्हणून. सुनेने दुसऱ्या मजल्याची मागणी केली आहे, काकूंच्या दारासमोरची, आणि कारण अर्जात स्पष्ट लिहिलं आहे. मुलानेही अखेर त्यावर सही केली. अर्ज कमिटीकडे आहे, उत्तर अजून आलेलं नाही.